पिवळ्या पानाची भूक कोणती?
ब्राझीलच्या सेराडो प्रदेशाकडून मॅग्नेशियमचा धडा

पान पिवळे दिसले की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो : बुंध्याशी मूठभर युरिया. कधी त्याने पान हिरवे होते, कधी काहीच फरक पडत नाही, आणि कधी पिवळेपणा उलट वाढतो. असे का व्हावे? झाडाला खत कमी पडले म्हणून, की हवे होते ते सोडून भलतेच मिळाले म्हणून?

या अंकातील अभ्यासलेखात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. त्यासाठी आम्ही तुम्हाला ब्राझीलच्या मध्यभागातील सॅव्हाना प्रदेशात नेणार आहोत. मातीतील अन्नद्रव्यांचा समतोल सांभाळणे म्हणजे काय, हे तिथल्या शास्त्रज्ञांना आणि शेतकऱ्यांना फार मोठ्या क्षेत्रावर शिकावे लागले. शिवाय तिथली माती आपल्या गोव्यातील डोंगरउतारावरच्या जांभ्या मातीच्या नात्यातली आहे. त्यामुळे तिथला धडा आपल्या कुळागरालाही उपयोगी पडतो.

सेराडो : पाऊस आहे, पण पीक नाही

सॅव्हाना म्हटले की भूगोलाच्या पुस्तकातले आफ्रिकेचे चित्र डोळ्यांसमोर येते. उंच गवत, मधूनमधून झाडे, एक ओला आणि एक कोरडा ऋतू. असाच प्रदेश ब्राझीलमध्येही आहे. त्याला तिथे ‘सेराडो’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ ‘बंद’ किंवा ‘दाट’. घरात पोर्तुगीज जाणणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांना विचारून पाहा.

सेराडोचा विस्तार सुमारे २० लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक. बहुतेक भागात वर्षाला साधारण १२०० ते १८०० मिलिमीटर पाऊस पडतो. जमीन सपाट, माती लाल, खोल, भुसभुशीत आणि उत्तम निचऱ्याची. पाहणाऱ्याला वाटावे, इथे काय हवे ते पिकेल. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रदेश शेतीला नालायक समजला जाई. विरळ चराईपलीकडे तिथे फारसे काही होत नसे. बी पेरले तर रोपे खुरटी राहत आणि मुळे काही बोटे खाली जाऊन थांबत.

कारण मातीच्या वयात होते. लाखो वर्षे उष्ण हवेत पावसाने धुतल्यामुळे मातीतून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश निघून गेले. मागे राहिली केओलिन प्रकारची चिकणमाती आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. तांबडा रंग त्या लोहाचाच. मातीचा सामू बहुधा ५ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली. एवढ्या आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम विरघळते आणि मुळांची टोके जायबंदी करते. स्फुरदही लोह व ॲल्युमिनियमच्या तावडीत अडकते आणि पिकाला मिळत नाही.

मातीचे खुंटाळे

हे समजण्यासाठी घरातले खुंटाळे डोळ्यांसमोर आणा. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. या जागा म्हणजे खुंट्या. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांच्या आयनांवर धन भार असतो, म्हणून ते या खुंट्यांना अडकून राहतात. मुळे एक आयन घेतात आणि त्याच्या जागी हायड्रोजनचा आयन ठेवतात.

घाटापलीकडच्या काळ्या मातीत खुंट्या भरपूर असतात. सेराडोच्या आणि आपल्या जांभ्या मातीत त्या थोड्या असतात, आणि ज्या असतात त्यांतल्या बऱ्याच ॲल्युमिनियम व हायड्रोजनने अडवलेल्या असतात. खत घातले तरी ते टांगायला जागा नाही. मग मोठा पाऊस आला की खत पाण्याबरोबर खाली जाते.

या गर्दीत मॅग्नेशियमची बाजू विशेष लंगडी आहे. त्याच्या आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे जाड वेष्टन असते, त्यामुळे ते कॅल्शियमपेक्षा सैल अडकते आणि लवकर निसटते. म्हणूनच पावसाळी प्रदेशातील हलक्या, आम्लधर्मी जमिनीत मॅग्नेशियमची उणीव वारंवार दिसते.

मॅग्नेशियम नेमके काय करते?

पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील, विशेषतः हरितद्रव्यावरील, संशोधनासाठी १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हरितद्रव्यात मॅग्नेशियम हा मूळ घटक आहे, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

पण मॅग्नेशियमचे काम रंगापुरते नाही. पानात तयार झालेली साखर मुळांकडे, दाण्यांकडे आणि फळांकडे पाठवण्यासाठीही ते लागते. ते कमी पडले की साखर पानातच साचून राहते आणि मुळे उपाशी राहतात. म्हणजे पान पिवळे दिसण्याच्या आधीच जमिनीखाली नुकसान सुरू झालेले असते. मुळे आखूड झाली की पाणी आणि इतर अन्नद्रव्येही कमी मिळतात. एका गोष्टीची उणीव अशी दुसऱ्या गोष्टींची उणीव होऊन बसते.

चुना घालायचा, पण कोणता?

१९५० च्या दशकात अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्क्लंग आणि त्यांच्या ब्राझीलमधील सहकाऱ्यांनी सेराडोच्या मातीवर प्रयोग केले. चुनखडीची भुकटी, स्फुरद, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये योग्य प्रकारे दिली तर ही माती पीक देते, असे त्यांना दिसले. १९७३ मध्ये ब्राझीलची राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था ‘एंब्रापा’ स्थापन झाली आणि १९७५ मध्ये राजधानी ब्राझिलियाजवळ तिचे सेराडोसाठी खास केंद्र सुरू झाले. तेथील एडसन लोबाटो यांनी मृदासुपीकतेवर दीर्घकाळ काम केले. १९७४ ते १९७९ या काळात कृषिमंत्री असलेल्या आलिसन पाओलिनेली यांनी या कामाला सरकारी बळ दिले. मॅक्क्लंग, लोबाटो आणि पाओलिनेली या तिघांना २००६ चा जागतिक अन्न पुरस्कार विभागून मिळाला.

चुनखडीची भुकटी मातीत मिसळली की आम्लता कमी होते. ॲल्युमिनियम न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि खुंट्या मोकळ्या होतात. पण चुनखडी सगळी सारखी नसते. साध्या चुनखडीत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. डोलोमाइट या खनिजात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन्हींचे कार्बोनेट असते. ब्राझीलमध्ये चुनखडीचे प्रकार तिच्यातील मॅग्नेशियम ऑक्साइडच्या प्रमाणावरूनच ओळखण्याची पद्धत पडली : ५ टक्क्यांहून कमी असेल तर कॅल्शियमप्रधान आणि १२ टक्क्यांहून अधिक असेल तर डोलोमाइटी.

जिथे मातीत मॅग्नेशियम मुळातच कमी, तिथे नुसती कॅल्शियमची चुनखडी घातली तर सामू सुधारतो, परंतु मोकळ्या झालेल्या खुंट्यांवर कॅल्शियमच जाऊन बसते. मॅग्नेशियमची उणीव तशीच राहते. म्हणून अशा मातीत डोलोमाइटी चुनखडी वापरण्याचा सल्ला दिला जातो.

एक छोटे गणित करू. एका हेक्टरला २ टन डोलोमाइटी चुनखडी घातली आणि तिच्यात १२ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड आहे असे समजू. म्हणजे २४० किलो ऑक्साइड. ऑक्साइडच्या वजनात मॅग्नेशियमचा वाटा सुमारे ६० टक्के, म्हणून मिळाले सुमारे १४४ किलो मॅग्नेशियम. सोयाबीनच्या एक टन दाण्यांबरोबर शेतातून साधारण दोन-तीन किलो मॅग्नेशियम जाते. हिशेबाने हा साठा बरीच वर्षे पुरायला हवा. तरीही तो घटतो, कारण पिकापेक्षा पाऊस अधिक नेतो. म्हणूनच तिथले शेतकरी माती तपासून काही वर्षांनी पुन्हा चुनखडी घालतात.

एक वाढवले, की दुसरे घटते

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘मग सगळेच भरपूर घाला!’ सेराडोने शिकवलेला महत्त्वाचा धडा इथेच आहे. अन्नद्रव्ये एकमेकांच्या वाटेत येतात. तीन उदाहरणे पाहू.

पहिले, पालाश आणि मॅग्नेशियम. मुळांभोवती पालाश फार झाले तर मॅग्नेशियमचे शोषण कमी होते. मातीत मॅग्नेशियम पुरेसे असूनही पानात ते कमी पडू शकते. अमोनियम रूपातील नत्राचाही असाच परिणाम होतो. युरिया मातीत आधी अमोनियममध्ये बदलतो, नंतर त्याचे नायट्रेट होताना आम्लता वाढते, आणि नायट्रेट पावसात खाली जाताना कॅल्शियम व मॅग्नेशियमला सोबत घेऊन जाते. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता लक्षात आले असेल. मॅग्नेशियमसाठी भुकेल्या झाडाला युरिया देत राहिल्यास भूक वाढण्याचाच संभव अधिक.

दुसरे, जिप्सम. सेराडोत ऐन पावसाळ्यात मधेच काही दिवस ते काही आठवडे पाऊस दडी मारतो. त्याला तिथे ‘व्हेरानिको’ म्हणजे ‘छोटा उन्हाळा’ म्हणतात. चुनखडीचा परिणाम वरच्या थरापुरताच असे. खालच्या आम्ल थरात मुळे जात नसत, त्यामुळे खाली ओल असूनही पीक सुकत असे. स्फुरदाच्या प्रयोगांत एक गोष्ट ध्यानात आली. ज्या वाफ्यांना सिंगल सुपर फॉस्फेट दिले होते तिथली पिके या खंडात कमी कोमेजली. या खतात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट असते. ते पाण्याबरोबर खाली उतरते, खालच्या थरात कॅल्शियम पोहोचवते व ॲल्युमिनियमचा जाच कमी करते. १९८० च्या सुमारास हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जिप्समचा वापर वाढला. पण जिप्समचा अतिरेक केला तर ते वरच्या थरातील मॅग्नेशियमलाही ढकलत खाली नेते. एक दुखणे बरे करणारे औषध प्रमाणाबाहेर गेले की दुसरे दुखणे आणते, ते असे.

तिसरे, खुद्द चुना. तो जास्त झाला आणि सामू फार वर गेला तर जस्त, मँगनीज, लोह ही सूक्ष्म अन्नद्रव्ये पिकाला मिळेनाशी होतात. म्हणून सेराडोत माती पूर्ण उदासीन करण्याचा आग्रह धरत नाहीत. धान्यपिकांसाठी खुंट्यांपैकी साधारण निम्म्या कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाश यांनी भरल्या म्हणजे पुरे, असा तेथील मार्गदर्शनाचा रोख आहे.

समतोल म्हणजे ठरलेला आकडा नव्हे

१९४० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी येथे झालेल्या कामातून ‘आदर्श’ मातीचे एक सूत्र पुढे आले : खुंट्यांपैकी ६५ टक्के कॅल्शियम, १० टक्के मॅग्नेशियम, ५ टक्के पालाश. हे सूत्र पुष्कळ लोकप्रिय झाले. परंतु नंतरच्या प्रयोगांत दिसले, की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे परस्पर प्रमाण बरेच खालीवर झाले तरी, दोन्ही पुरेशी असतील तर पीक चांगले येते. तेव्हा कोणी एखादा जादूचा आकडा सांगून महागडी पोती विकू लागला तर सावध राहावे. आधी पाहायचे ते हे, की प्रत्येक अन्नद्रव्य किमान गरजेइतके आहे का. आणि मग हे, की एखादे इतके वाढले नाही ना, की ते दुसऱ्याची वाट अडवील.

आपल्या अंगणात

ब्राझीलचा आणि आपला संबंध जुना आहे. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो इकडे आणला आणि ‘काजू’ हे नावही पोर्तुगिजांमार्फत तिथूनच आले. आपल्या टेकड्यांवरच्या निकस जांभ्या मातीतही हे झाड तग धरून राहिले. पण माड, केळ, सुपारी, भाजीपाला यांची भूक मोठी असते. माडाला पालाश भरपूर लागते, म्हणून आपण ते देतो. ते देत असताना मॅग्नेशियमकडे लक्ष नसेल तर खालच्या झावळ्या पिवळ्या पडू लागतात.

पान वाचायला शिकण्यासाठी पुढील खुणा उपयोगी पडतील.

• जुन्या, खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा : मॅग्नेशियमची शंका घ्यावी. झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते.
• जुनी पाने सरसकट फिकट पिवळी : नत्राची शंका.
• जुन्या पानांच्या कडा करपलेल्या : पालाशची शंका.
• कोवळ्या, वरच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा : लोहाची शंका.

आम्ही मुद्दाम ‘शंका’ हा शब्द वापरला आहे. मुळाशी पाणी साचणे, रोग, किंवा पानाचे नैसर्गिक म्हातारपण यानेही पिवळेपणा येतो. खात्री होते ती माती किंवा पान तपासल्यावर.

इथे पालकांचे व विश्वस्तांचे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बारा बाबी ठरवल्या गेल्या : सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. पत्रिका अतिशय उपयुक्त आहे, परंतु या बारांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नाहीत. आपल्यासारख्या भरपूर पावसाच्या, आम्लधर्मी मातीच्या प्रदेशात तर त्यांचीच उणीव पडण्याचा संभव असतो. म्हणून माती तपासायला देताना ‘कॅल्शियम व मॅग्नेशियमही पाहून मिळेल का?’ असे आवर्जून विचारावे. सामू ५.५ च्या खाली असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा.

मॅग्नेशियम कमी निघाले तर दोन मार्ग आहेत. माती आम्लही असेल तर डोलोमाइट. ते सावकाश विरघळते, आम्लता घटवते आणि दीर्घकाळ पुरते. सामू ठीक असेल तर मॅग्नेशियम सल्फेट. ते पाण्यात लगेच विरघळते, त्यात सुमारे १० टक्के मॅग्नेशियम असते, पण त्याने आम्लता कमी होत नाही. मात्रा मात्र तपासणीनंतर कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच ठरवावी. याखेरीज शेणखत, पाचोळा, आच्छादन यांनी सेंद्रिय पदार्थ वाढतो, म्हणजेच खुंट्या वाढतात. आपल्या कुळागरांत झावळ्या आणि पाचोळा बुंध्याशी घालण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामागे हे शहाणपण आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

सेराडोची गोष्ट नुसत्या यशाची नाही. आज जगात सर्वाधिक सोयाबीन ब्राझीलमध्ये पिकते आणि त्यातला फार मोठा वाटा सेराडोचा आहे. पण त्यासाठी तेथील मूळ वनस्पतींचे जवळजवळ निम्मे आच्छादन नाहीसे झाले. ती वेडीवाकडी, खोल मुळांची झाडे त्या ‘निकस’ मातीत हजारो वर्षे सुखाने जगत होती. काही जातींची झाडे तर ॲल्युमिनियम पानांत साठवूनही निरोगी राहतात. सेराडोत ब्राझीलच्या अनेक मोठ्या नद्यांचे उगम आहेत, आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचे काम ही झाडी व गवते करत असत. माती ‘वाईट’ नव्हती. आपल्या पिकांना ती सोयीची नव्हती, एवढेच. माती सुधारण्याचे ज्ञान हाती आले, तेव्हा कोणती जमीन सुधारायची आणि कोणती तशीच राखायची, हे ठरवण्याची जबाबदारीही आपल्यावर आली.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी पिवळे पान दिसले की युरियाच्या डब्याकडे जाण्याआधी थोडे थांबा. पान जुने की कोवळे, ते पाहा. शिरा हिरव्या आहेत का, ते पाहा. मग घरातील मोठ्यांना सांगा, ‘आधी माती तपासू या.’ एका पोत्याचे पैसे वाचतील, आणि झाडाला त्याला हवे तेच मिळेल.

करून पाहा

१. घराच्या किंवा शाळेच्या बागेतील पाच झाडांची एक जुने आणि एक कोवळे पान जोडीने वहीत चिकटवा. रंग, शिरा आणि कडा यांचे वर्णन लिहा.
२. मातीचा नमुना घ्या. नागमोडी चालत दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा, १५ सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या बाजूची माती खरवडून घ्या. बांधाजवळची, उकिरड्याजवळची किंवा नुकतेच खत घातलेल्या जागेची माती घेऊ नका. सगळी माती मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व पीक लिहा.
३. शाळेचा वाफा १०० चौरस मीटरचा आहे. हेक्टरी २ टन या हिशेबाने त्याला किती डोलोमाइट लागेल? त्यात १२ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड असेल तर किती मॅग्नेशियम मिळेल? (उत्तर : २० किलो, सुमारे १.४४ किलो.)
४. विचार करा : एका शेतकऱ्याने सामू सुधारला, तरी माडाच्या खालच्या झावळ्या पिवळ्याच राहिल्या. त्याने कोणती चुनखडी घातली असेल? तुम्ही त्याला आणखी कोणते दोन प्रश्न विचाराल?